पहिल्या वर्षी धो-धो, मग काय? शेल तेलाची आडवी विहीर आणि आपलं आडवं बोअर

(हा भाग ऐकायचा असेल तर वर प्लेचं बटण दाबा. वाचायचा असेल तर खाली पूर्ण मजकूर आहे. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'अं' तेवढे काढलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

गुरुकुंज मोझरीवरून मी बोलतेय. इअरफोन लावलेत ना? मग सुरू करूया.

आजचा विषय एका श्रोत्याच्या मेसेजमधून आलाय. त्यानं विचारलंय, "ताई, अमेरिकेत म्हणे जमिनीखाली आडव्या विहिरी मारून दगडातून तेल काढतात. आपल्या इकडं पण विहिरीत आडवं बोअर मारतात. दोन्ही एकच आहे का? आणि ते तेल किती वर्ष पुरतं?"

प्रश्न एक नंबर आहे. थोडक्यात उत्तर असं: यंत्र वेगळं, खोली वेगळी, पण दुखणं बरंचसं सारखं. दोन्हीकडं पहिल्या काही महिन्यांचा जोर बघून माणूस हुरळतो, आणि पुढच्या दहा वर्षांचा हिशोब त्या जोरावर मांडतो. तिकडं त्यातून कंपन्या बुडाल्या. इकडं त्यातून बागा वाळतात. म्हणून हा भाग नुसता जनरल नॉलेजचा नाही. ज्याच्या घरी विहीर आहे, त्याच्या कामाचा आहे.

आधी दगड समजून घेऊ

तेल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जमिनीखालचं तळं येतं. तसं काही नसतं. तेल दगडाच्या बारीक छिद्रांत असतं, स्पंजमध्ये पाणी असतं तसं. वाळूचा दगड किंवा चुनखडी असेल तर छिद्रं एकमेकांना जोडलेली असतात. उभी विहीर मारली की आतल्या दाबानं तेल वाहत येतं.

शेल हा वेगळा प्रकार आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या किंवा सरोवराच्या तळाशी बसलेला बारीक चिखल दबून दबून जो दगड झाला, तो शेल. त्या चिखलात मेलेले सूक्ष्म जीव होते, त्यांचंच पुढं तेल आणि वायू झालं. म्हणजे शेल हे तेलाचं माहेर. तिथून थोडं तेल निसटून वरच्या वाळूच्या दगडात गेलं, ते आपण शंभर-दीडशे वर्षं काढत आलो. पण बरंचसं माहेरीच अडकून राहिलं. कारण शेलमधली छिद्रं इतकी बारीक की चांगल्या वाळूच्या दगडाच्या तुलनेत त्यातून तेल लाखो पटींनी हळू सरकतं.

मग काढायचं कसं? दोन युक्त्या एकत्र केल्या. एक, विहीर दोन-तीन किलोमीटर खाली न्यायची आणि मग वळवून शेलच्या थरातूनच आडवी चालवायची. आज अमेरिकेत तीन किलोमीटर आडवी विहीर ही नेहमीची गोष्ट आहे. त्याहून लांबही असतात. दोन, त्या आडव्या नळीतून प्रचंड दाबानं पाणी आणि वाळू आत सोडायची. दगडाला भेगा पडतात, वाळूचे कण भेगेत अडकतात आणि भेग मिटू देत नाहीत. एका विहिरीला कोट्यवधी लिटर पाणी आणि हजारो टन वाळू लागते. टेक्सासमधल्या बार्नेट शेलमध्ये जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीनं १९९० च्या दशकात ही भेगा पाडायची पद्धत स्वस्त करून दाखवली. तिथं निघायचा तो वायू. पुढं हीच पद्धत आडव्या विहिरींना जोडली गेली आणि तेलालाही लागू पडली.

परिणाम काय झाला? २००८ मध्ये अमेरिका रोज सुमारे ५० लाख बॅरल कच्चं तेल काढायची. २०२३ मध्ये तो आकडा सुमारे १ कोटी २९ लाखांवर गेला. एक बॅरल म्हणजे १५९ लिटर. जगाच्या तेलबाजाराचं गणितच बदललं. आपण भारतात ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो. त्यामुळं टेक्सासमध्ये काय होतं याचा आपल्या पेट्रोल पंपाशी संबंध आहे.

संत्र्याची तोडाई आणि वर्गमूळ

आता मुद्द्यावर येऊ. अशा विहिरीचं उत्पादन काळाबरोबर कसं कमी होतं?

आपल्याकडची संत्र्याची तोडाई डोळ्यांसमोर आणा. गाडी बांधावर उभी आहे. मजूर तेवढेच आहेत. पहिल्या तासात बांधाजवळची झाडं, क्रेट पटापट भरतात. नंतर मजुराला आत जावं लागतं. एक क्रेट आणायला आधी एक मिनिट लागायचा, आता पाच लागतात, मग दहा. माणसं तेवढीच, मेहनत तेवढीच, पण तासाला भरणारी क्रेट कमी कमी होत जातात. झाडं संपलेली नाहीत. ती लांब आहेत, एवढंच.

शेलमधलं तेल असंच येतं. भेग म्हणजे बांध. भेगेला चिकटून असलेलं तेल आधी येतं. मग त्यामागचं, मग अजून आतलं. दगड घट्ट असल्यामुळं प्रत्येक पुढच्या फुटाला जास्त वेळ. आणि ही नुसती उपमा नाही, गणितही तेच निघतं. दुप्पट आतपर्यंत पोचायला चौपट वेळ लागतो. तिप्पट आत जायला नऊपट. म्हणजे वेळेचं वर्गमूळ.

आकड्यांत बघू. समजा एका विहिरीनं पहिल्या महिन्यात रोज १,००० बॅरल दिलं. वर्गमूळाच्या नियमानं चौथ्या महिन्यात ५००. नवव्या महिन्यात ३३३. सोळाव्यात २५०. पंचविसाव्यात २००. आणि शंभराव्या महिन्यात, म्हणजे आठ वर्षांनंतर, १००.

यात दोन गोष्टी दिसतात. पहिली, सुरुवातीची घसरण भयंकर आहे. खऱ्या शेल विहिरींतही पहिल्या वर्षातच उत्पादन साठ-सत्तर टक्के पडणं ही सर्रास गोष्ट आहे. दुसरी, नंतरची घसरण मंद आहे. विहीर पटकन मरत नाही, रखडत जगते. तेलवाले याला 'लांब शेपूट' म्हणतात.

बेरीज केली तर अजून गंमत कळते. पहिल्या वर्षात जेवढं तेल निघालं त्याला एक भाग म्हणा. मग चार वर्षांत दोन भाग, नऊ वर्षांत तीन, सोळा वर्षांत चार. म्हणजे पहिल्या एका वर्षात जेवढं मिळालं, तेवढंच पुन्हा मिळवायला पुढची तीन वर्षं लागली. त्यानंतर तेवढंच मिळवायला पाच.

शेपूट किती लांब? इथंच भांडण आहे

हा वर्गमूळाचा नियम कायम चालत नाही. का? पुन्हा तोडाईकडं या. समजा बागेच्या दोन्ही बांधांवर एकेक गाडी उभी आहे. दोन्हीकडचे मजूर आत आत येतात आणि एका क्षणी मधोमध समोरासमोर भेटतात. आता मात्र झाडं खरंच संपली. आत जायला जागाच उरली नाही.

आडव्या विहिरीत शेजारशेजारच्या भेगा अशाच एकमेकींना भेटतात. त्यानंतर उत्पादन वर्गमूळापेक्षा जास्त वेगानं पडायला लागतं. हा क्षण कोणत्या वर्षी येईल ते भेगा किती जवळ आहेत आणि दगड किती घट्ट आहे यावर ठरतं.

उत्पादनाचा अंदाज बांधायची पद्धत जुनी आहे. जे. जे. आर्प्स नावाच्या अभियंत्यानं १९४५ मध्ये घसरणीच्या वक्रांवर एक लेख लिहिला. त्याची सूत्रं आजही रोज वापरली जातात. पण ती साध्या विहिरींसाठी होती, जिथं साठ्याच्या कडा आधीच जाणवायला लागलेल्या असतात. शेल विहिरीच्या पहिल्या एक-दोन वर्षांचे आकडे त्या सूत्रात घातले की वक्र इतका सपाट निघतो की बेरीज कधी थांबतच नाही. कागदावर विहीर अमर होते! म्हणून शहाणे अभियंते एक अट घालतात: एका मर्यादेनंतर दरवर्षी ठरावीक टक्के घसरण धरायचीच. ती अट कुठं घालायची, यावर विहिरीचं एकूण उत्पन्न किती दाखवलं जाईल ते ठरतं. कर्ज देणारी बँक आणि शेअर घेणारा माणूस तोच एकूण आकडा बघतो.

अजून तीन गोष्टी घसरण वाढवतात.

एक, वायू. दगडातला दाब एका पातळीखाली गेला की तेलात विरघळलेला वायू सुटायला लागतो. सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडल्यावर होतं तसं. वायू हलका, तो आधी पळतो आणि तेल मागं राहतं. म्हणून जुन्या विहिरींत तेलाच्या तुलनेत वायूचं प्रमाण वाढत जातं.

दोन, शेजार. एका विहिरीनं काही वर्षं दगड पिळून घेतला आणि मग तिच्या शेजारी दुसरी मारली, तर नव्या विहिरीच्या भेगा कमी दाबाच्या जुन्या भागाकडं ओढल्या जातात. तिकडं याला आई-लेकीच्या विहिरी म्हणतात. लेक बहुतेक वेळा आईपेक्षा कमी देते, आणि कधीकधी आईलाही त्रास देते.

तीन, निवड. कोणतीही कंपनी चांगली जागा आधी खोदते. म्हणजे सुरुवातीच्या विहिरींची सरासरी पुढच्या विहिरींना लावता येत नाही.

एवढं सगळं करून शेलमधल्या शंभर लिटर तेलापैकी बाहेर किती येतं? साधारण पाच ते दहा लिटर. साध्या, चांगल्या साठ्यातून तीस-चाळीस येऊ शकतं. बाकीचं माहेरीच राहतं.

धावायचं, पण जागच्या जागी

तुम्ही म्हणाल, विहिरी एवढ्या पडतात तर अमेरिकेचं एकूण उत्पादन वाढलं कसं? कारण ते दरवर्षी नव्या विहिरी मारत राहतात.

एक कल्पनेतला हिशोब करू. एक कंपनी दरवर्षी दहा विहिरी मारते. प्रत्येक विहीर पहिल्या वर्षी १०० पोती देते असं समजा, दुसऱ्या वर्षी ३५, तिसऱ्या वर्षी २२, चौथ्या वर्षी १६, पाचव्या वर्षी १२. कंपनीचं पहिल्या वर्षाचं एकूण उत्पादन १,०००. दुसऱ्या वर्षी १,३५०. तिसऱ्या वर्षी १,५७०. चौथ्या वर्षी १,७३०. आलेख बघा, वरच चाललाय. पेपरात बातमी येते, कंपनी जोरात.

आता पाचव्या वर्षी पैसे संपले, एकही नवी विहीर मारली नाही. उत्पादन किती? ८५०. निम्म्याहून कमी, एका वर्षात. आतली प्रत्येक विहीर पहिल्या दिवसापासून पडतच होती. नव्या विहिरींनी ते झाकून ठेवलं होतं.

हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागेल: एकूण उत्पादन वाढतंय म्हणजे विहिरी टिकतायत असं नाही.

एप्रिल २०२० मध्ये करोनामुळं जगात गाड्या थांबल्या. २० एप्रिलला अमेरिकेतल्या तेलाचा वायदेबाजारातला भाव चक्क शून्याच्या खाली गेला. त्याच वर्षी व्हायटिंग पेट्रोलियम आणि चेसापीक एनर्जी या शेलमधल्या दोन मोठ्या कंपन्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला. कर्ज मोठं होतं, नव्या विहिरींना पैसा नव्हता आणि जुन्या विहिरी कुणासाठी थांबत नाहीत.

यात आपल्याकडचा पैसाही होता. मुंबईत मुख्यालय असलेल्या रिलायन्स इंडस्ट्रीजनं २०१० मध्ये अमेरिकेतल्या तीन शेल प्रकल्पांत भागीदारी घेतली होती. नंतर तिकडं वायूचे भाव कोसळले. कंपनी हळूहळू बाहेर पडली आणि २०२१ मध्ये टेक्सासच्या ईगल फोर्डमधला शेवटचा हिस्सा विकून तिनं अमेरिकेतला हा धंदा बंद केला.

आणि भारतातलं शेल? २०११ मध्ये ओएनजीसीला पश्चिम बंगालमध्ये दुर्गापूरजवळ इच्छापूर इथं शेलमधून वायू मिळाला. २०१३ मध्ये सरकारनं शेलसाठी धोरण आणलं. गुजरातेतल्या खंबातच्या खोऱ्यातही चाचणी विहिरी झाल्या. पण अमेरिकेसारखं मोठं उत्पादन काही उभं राहिलं नाही. वर्षानुवर्षं शेकडो विहिरी मारत राहायची तयारी असल्याशिवाय शेल चालत नाही. दोन-चार विहिरी म्हणजे नुसती ओळख होते.

बॉम्बे हाय: दुसऱ्या जातीची विहीर

तुलनेला महाराष्ट्राचं स्वतःचं तेल घेऊ. मुंबईपासून समुद्रात सुमारे १६० किलोमीटरवर बॉम्बे हाय आहे, आता मुंबई हाय म्हणतात. १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या रिगनं तिथं तेल शोधलं. १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. तिथला दगड चुनखडीचा आहे, शेल नाही. तिथंही पुढं आडव्या विहिरी मारल्या, पण त्या चांगल्या वाहणाऱ्या दगडात.

१९८५ च्या सुमाराला तिथून रोज साधारण पावणेपाच लाख बॅरल तेल निघत होतं. आज त्याच्या एक तृतीयांशापेक्षा कमी निघतं. म्हणजे तोही पडलाच, पण किती वर्षांत? जवळजवळ चाळीस. मध्ये समुद्राचं पाणी दाबानं आत सोडून तेल पुढं ढकललं, जुन्या भागांचा नव्यानं विकास केला. जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीनं उत्पादन वाढवायला बीपी या ब्रिटिश कंपनीची तांत्रिक मदत घ्यायचं ठरवलं. पन्नास वर्षांचं म्हातारं क्षेत्र अजून चालू आहे. शेलची एखादी विहीर पहिल्या वर्षातच जेवढी पडते, तेवढं पडायला मुंबई हायला दशकं लागली.

म्हणजे 'आडवी विहीर' या शब्दावर काही ठरत नाही. ती कोणत्या दगडात आहे, यावर ठरतं.

आता आपल्या वावरात या

आपल्या वऱ्हाडात तेल का नाही, हा प्रश्न मला नेहमी येतो. आपल्या पायाखाली आहे तो काळा पाषाण, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा. त्यात जीव नव्हते, तेल कुठून येणार? पण पाणी आहे. तेही दगडात सगळीकडं नाही. वरच्या मुरमात, मांजऱ्या खडकात, दोन लाव्हा-थरांच्या मधल्या जागेत आणि भेगांत. घट्ट काळ्या दगडात जवळजवळ काहीच नाही.

म्हणून आपल्याकडं आडवं बोअर आलं. विहीर आटली की छोटं मशीन विहिरीत उतरवतात, भिंतीला टेकवून बसवतात आणि बाजूच्या खडकात शंभर फूट किंवा त्याहून जास्त भोक पाडतात. भाव फुटावर. एखादी भेग लागली की पाण्याची धार सुटते. ती धार मोबाइलवर शूट होते, स्टेटसला लागते, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या वावरात मशीन उतरतं.

आमच्या शेजारच्या वावरातल्या काकांना मी या भागासाठी विचारलं, तर ते म्हणाले, "काय सांगू पोरी तुले, पयल्या वर्षी मोटर बंद करा लागत नव्हती. दुसऱ्या वर्षी चार घंटे. आतं दीड घंट्यात इहीर खाली होते. बोअर तर तेच हाय, मंग पाणी गेलं कुठं?"

काकांचा प्रश्न आणि टेक्सासमधल्या अभियंत्याचा प्रश्न एकच आहे. उत्तराचा काही भागही एकच आहे. बोअर भेगेला लागतं तेव्हा भेगेत साठलेलं पाणी एकदम मोकळं होतं. ते बांधाजवळचं झाड. ते संपलं की भेगेला आजूबाजूच्या मुरमातून, मांजऱ्या खडकातून जेवढं झिरपून येतं तेवढंच मिळतं. आडवं बोअर पाणी तयार करत नाही. ते पाण्याला विहिरीपर्यंत यायची वाट करून देतं. वाट रुंद झाली म्हणून गोदाम मोठं होत नाही, ते लवकर रिकामं होतं.

पण एक फरक फार मोठा आहे, आणि तो आपल्या बाजूचा आहे. शेलमधलं तेल गेलं की गेलं. आपल्याकडं पावसाळा येतो. गोदाम दरवर्षी थोडंफार भरतं. म्हणून आपल्या बोअरचा आलेख सरळ खाली येत नाही. तो करवतीच्या दात्यांसारखा असतो: ऑक्टोबरला वर, मेमध्ये खाली, परत वर. बघायचं ते हे की दात्यांची खालची टोकं वर्षागणिक खाली चाललीत का.

आणि इथंही शेजार आहेच. तुमचं बोअर ज्या भेगेला लागलं, तिलाच शेजाऱ्याचं लागलं असेल तर पाणी एकच, तोंडं दोन. वरुड-मोर्शीकडं संत्र्याच्या पट्ट्यात हे मोठ्या प्रमाणावर झालं. तिथला भूजल उपसा इतका वाढला की तो भाग सरकारी मोजणीत अतिशोषित ठरला. गावाचं एकूण पाणी बरीच वर्षं टिकल्यासारखं दिसतं, कारण दरवर्षी कुणीतरी नवं बोअर मारत असतं. मघाचं वाक्य आठवा. एकूण उपसा वाढतोय म्हणजे विहिरी टिकतायत असं नाही. ज्या वर्षी पाऊस दगा देतो आणि पैसा संपतो, त्या वर्षी सगळं एकदम उघडं पडतं. संत्र्याचं झाड लावल्यावर फळावर यायला चार-पाच वर्षं लागतात. ते एका उन्हाळ्यात वाळलं की तेवढी वर्षं परत द्यावी लागतात.

मग करायचं काय? मोजायचं

आमच्याही घरी हाच विषय चालू आहे. बाबा म्हणतात, अजून दोन आडवे मारू. मी म्हणते, आधी मोजू. मोजायला अभियंता लागत नाही. दोरी, दगड आणि मोबाइलमधलं घड्याळ पुरतं.

मोटर नेहमी एकाच ठरावीक खुणेपर्यंत पाणी उतरल्यावर बंद करा. हे महत्त्वाचं आहे. विहीर जितकी जास्त खाली उपसाल तितकं आत येणारं पाणी जोरात येतं, मग आकड्यांची तुलनाच होत नाही. तेलाच्या विहिरीतही हीच चलाखी चालते. तोंडाचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की पहिल्या महिन्याचा आकडा झकास दिसतो.

मोटर बंद केल्यावर चोवीस तासांत पाणी किती फूट चढलं ते लिहा. विहिरीचा व्यास २० फूट असेल तर एक फूट पाणी म्हणजे सुमारे ८,९०० लिटर. समजा ऑक्टोबरमध्ये दिवसाला सहा फूट चढतं आणि मार्चमध्ये तीन फूट. बाग कोणत्या आकड्यावर ठेवायची? मार्चच्या. तीन फूट म्हणजे २६,७०० लिटर. उन्हाळ्यात ठिबकनं एका झाडाला दिवसाला १०० लिटर धरले तर २६७ झाडं. ५०० झाडं लावली असतील तर उरलेल्या झाडांना पाणी कागदावरच आहे.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. तुम्हीही तेच महिने धरा. तीन वर्षांची वही झाली की ती बोलायला लागते.

ऑक्टोबरचा आकडा दरवर्षी ठीक आहे पण मार्चचा पडतोय? मग गोदाम भरतं, पण ते आधीपेक्षा लवकर संपतंय. उपसा जास्त आहे, तुमचा किंवा शेजाऱ्याचा. नवं बोअर मारून ते अजून लवकर संपेल. इथं ठिबक, आच्छादन आणि बांधबंदिस्ती कामाला येईल.

चांगला पाऊस होऊनही दोन्ही आकडे पडतायत, आणि शेजारच्या विहिरी मात्र भरलेल्या? मग बोअरच्या तोंडाशी गाळ बसला असू शकतो. आधी जुनं साफ करून बघा. नव्यापेक्षा ते स्वस्त आहे.

आणि सगळ्या शिवाराच्या विहिरी एकत्र खाली चालल्यात? मग हा एका घराचा प्रश्न राहिलाच नाही. तिथं गावानं बसून पाणी अडवायचं आणि उपसा ठरवायचा, दुसरा उपाय नाही.

नवं बोअर मारायचंच असेल तर कर्जाचा हप्ता तिसऱ्या वर्षीच्या मार्चच्या पाण्यावर बसतो का, ते बघा. पहिल्या दिवसाच्या धारेवर बसवू नका. शेलवाल्यांना हेच शिकायला दिवाळखोऱ्या लागल्या.

तर श्रोत्याच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर: शेलची आडवी विहीर वीस-तीस वर्षंही जगू शकते, पण तिच्या कमाईचा मोठा घास पहिल्या दोन-तीन वर्षांतच येतो. आपलं आडवं बोअर किती जगेल ते पाऊस, शेजार आणि आपला हात ठरवतो. या तिन्हींपैकी एक तरी आपल्या ताब्यात आहे.

या आठवड्यात एक काम करा. विहिरीचा व्यास मोजा, चोवीस तासांत किती फूट चढतं ते बघा आणि दोन्ही आकडे मला व्हॉइस मेसेजनं पाठवा. गावाचं नाव सांगा, स्वतःचं नको. पुढच्या भागात आलेल्या आकड्यांवर बोलू. तोपर्यंत भाग आवडला तर ज्यांच्या वावरात सध्या मशीन उतरायची बोलणी चालू आहेत, त्यांना आधी पाठवा. भेटू!